गिअरबॉक्स खोलायला देऊ नका, आधी क्लच प्लेट बघा

पारोळ्याचे भाऊ, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. वॅगनआरची क्लच प्लेट घरी बदलली, गिअर ऑइल नवं भरलं, आणि आता गाडी उभी असताना पहिला आणि रिव्हर्स पडत नाही, करकर वाजतं. गॅरेजवाला म्हणतो सिंक्रो रिंग (गिअर टाकताना दात्यांचा वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) गेल्या, बॉक्स खोलावा लागेल. हे सगळं मी भोगलंय. पण तुम्ही मधेच एक ओळ सहज लिहून गेलात, "बॉक्स शेवटचा बोटभर जाईना, म्हणून बोल्ट आवळून ओढून घेतला." मी उत्तर लिहायला बसलो ते त्या ओळीमुळे.

मी मेकॅनिक नाही. धरणगावला जिनिंगमध्ये मेंटेनन्सला आहे, सीझन संपला की हातात वेळ असतो म्हणून स्वतःच्या गाडीची कामं स्वतः करतो. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे माझा अंदाज चुकूही शकतो. जॅक, स्टँड, एक्सल काढणं वगैरे सांगत बसत नाही, तुम्ही ते सगळं करून बसला आहात.

माझी गाडीही वॅगनआरच. 2019 च्या एप्रिलमध्ये चाळीसगावहून कन्नड घाट चढताना क्लच सरकायला लागला. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र पुढे सरकेना. मे महिन्यात प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आणून अंगणात काम काढलं. पुतण्या मदतीला होता. खोलण्यात काही अडचण आली नाही. चूक झाली ती बॉक्स परत चढवताना.

दुपारचा एक वाजला होता. बॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या दात्यांत शिरला होता, इंजिन आणि बॉक्समध्ये दोन बोटांची फट उरली होती. खाली जॅक, जॅकवर लाकडी फळी. घरातून जेवायला हाक आली आणि आम्ही बॉक्स तसाच सोडून गेलो. अर्ध्या तासाने आलो तर जॅक थोडा बसलेला, बॉक्सचं मागचं टोक खाली झुकलेलं. फट वरच्या बाजूला दोन बोटं आणि खालच्या बाजूला जेमतेम एक. म्हणजे तो 25-30 किलोचा बॉक्स अर्धा तास नुसत्या शाफ्टवर, शाफ्ट प्लेटच्या मधल्या हबवर, असा लटकत होता. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. वर उचलून सरळ केला, तरी शेवटचं अंतर जाईना, तर दोन बोल्ट लावले आणि पान्याने आवळत ओढून घेतला. बसला. आम्ही खूश.

संध्याकाळी गाडी चालू केली. पहिला पडेना, रिव्हर्स टाकला तर दगडाच्या गिरणीसारखा आवाज.

इथून माझे पैसे आणि दिवस वाया गेले. माझा पहिला संशय ऑइलवर गेला, कारण ऑइल खरंच चुकीचं होतं. दुकानातून मोकळं ईपी-90 आणलं होतं, ट्रॅक्टरला घालतात ते. आपल्याकडे बरेच लोक सांगतात की खान्देशातल्या उन्हाळ्याला जाडच ऑइल चांगलं. माझं मत स्पष्ट आहे, कारच्या बॉक्सला हे चालत नाही. गाडीच्या पुस्तकात 75डब्ल्यू-90 (ही जाडी), जीएल-4 (हा दर्जा) लिहिलं असेल तर तेच घाला. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं, ते पितळी सिंक्रो रिंगांना सोसत नाही. शिवाय रिंगला पकड घ्यायला थोडं घर्षण लागतं, ते घर्षणच कमी होतं. दुकानदार "सगळं एकच आहे" म्हणाला तरी डब्यावर जीएल-4 लिहिलेलं डोळ्यांनी बघूनच घ्या. मी ऑइल काढून योग्य ते भरलं. करकर जशीच्या तशी.

मग गाडी एका मोठ्या वर्कशॉपला नेली. नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने एक चक्कर मारली, रिव्हर्स टाकून आवाज ऐकला आणि सांगितलं, सिंक्रो गेले, बॉक्स पूर्ण खोलावा लागेल, 18,000 च्या आसपास, गाडी ठेवून जा. मी विचारलं, "साहेब, चालू गाडीत दुसरा-तिसरा तर व्यवस्थित पडतो, मग सिंक्रो कसे गेले?" उत्तर मिळालं, "घरी खोललेल्या गाडीची आम्ही गॅरंटी घेत नाही." गॅरंटी मी मागितलीच नव्हती, मला कारण हवं होतं. आजही त्या उत्तराचा राग येतो. घरी काम करणाऱ्याला मूर्ख समजून एकही प्रश्न न विचारता बॉक्स खोलायचं बिल सांगायचं, हे बरोबर नाही.

उलगडा केला तो अमळनेरच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींनी. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. इंजिन बंद करायला लावलं आणि विचारलं, "आते गिअर पडस का?" सगळे गिअर लोण्यासारखे पडले. इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून दहा सेकंद थांबून रिव्हर्स, तरी करकर. ते म्हणाले, बॉक्सला हात लावू नका, प्लेट सुटत नाहीये.

ते असं होतं. क्लच दाबला की प्लेट फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) आणि तिला त्यावर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या मधे मोकळी व्हायला हवी, म्हणजे शाफ्ट फिरायचा थांबतो. प्लेट वाकडी असेल तर तिची एक कड कुठे ना कुठे घासत राहते आणि इंजिन शाफ्टला फिरवतच ठेवतं. गाडी उभी, शाफ्ट फिरता, मग दाते एकमेकांत बसणार कसे? रिव्हर्सला तर बऱ्याच गाड्यांत सिंक्रोच नसतो, म्हणून आधी तोच ओरडतो. सिंक्रो खरोखर गेले असते तर चालत्या गाडीत एखादाच ठरावीक गिअर वाजला असता, उभ्या गाडीत सगळे अडले नसते.

बॉक्स पुन्हा उतरवला. नवी कोरी प्लेट शाफ्टवर सरकवून बोटाने फिरवली, तर तिची कड ढिल्या चाकासारखी डुलत होती. जिनिंगमधला डायल गेज (बारीक फरक मोजायचं काट्याचं मीटर) लावला, दीड मिलिमीटर फरक. प्लेट फेकली. माझा अर्धा तास आणि ते दोन बोल्ट, एवढ्यासाठी सगळं काम दुसऱ्यांदा.

आता तुमचं. लगेच बॉक्स उतरवू नका. आधी वरची चाचणी करा, इंजिन बंद आणि इंजिन चालू. मग क्लच केबल बघा, पेडलची ढील जास्त असली तरीही प्लेट पूर्ण सुटत नाही, आणि ते पाच मिनिटांचं काम आहे. केबल नीट असूनही करकर असेल तर मला दोनच शक्यता दिसतात. प्लेट उलटी बसली, किंवा ओढून घेताना वाकली. उलटी म्हणजे स्प्रिंगांचा फुगीर भाग फ्लायव्हीलकडे गेला, बहुतेक प्लेटांवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते लिहिलेलं असतं. तुमच्या त्या ओळीवरून मला वाकल्याचाच संशय आहे.

बॉक्स परत चढवताना एक युक्ती करा, ती मला त्याच मिस्तरींनी दिली. बॉक्सच्याच मापाचे दोन लांब बोल्ट घ्या, त्यांची डोकी कापा, टोकाला करवतीने खाच पाडा आणि इंजिनात वरच्या दोन भोकांत लावा. बॉक्स त्या दोन दांड्यांवर सरकत येतो, वजन त्यांच्यावर आणि जॅकवर राहतं, शाफ्टवर येत नाही. मग डोकं कापलेले काढून खरे बोल्ट लावायचे. प्लेट आधी सेंटरिंग टूलने मधोमध बसवलेली हवी. दाते जुळत नसतील तर क्रँकच्या पुलीने इंजिन थोडं थोडं फिरवा. शेवटची फट हाताने मिटली पाहिजे. मिस्तरी म्हणाले होते, "जोर नको लावू भाऊ, आपोआप बठी जाई." हाताने जात नसेल तर काहीतरी अडलंय, मागे घ्या, बघा. पाना तिथे लावूच नका. आणि बॉक्स अर्धवट लटकलेला असताना जेवण, फोन, पाहुणे काही असो, उठायचं नाही.

शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावलं असेल तर नुसता हात फिरवल्याइतकं, जास्त झालं तर ते उडून प्लेटवर जातं. आत जमलेली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा. बॉक्स उतरवलाच तर क्रँकचं मागचं ऑइल सील ओलं आहे का तेही बघून घ्या.

बॉक्स उतरवायचा तर ऑइल पुन्हा काढावं लागेलच. खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री करा, तो अडकला तर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. काढलेलं ऑइल स्वच्छ डब्यात धरलंत आणि ते जीएल-4 असेल तर गाळून परत वापरायला माझी हरकत नाही, फार चाललेलं नाही ते. गाडी समपातळीवर ठेवून भोकातून थेंब बाहेर यायला लागेपर्यंत भरा.

चाचणीत काय निघालं ते इथे लिहा. बॉक्स रविवारी उतरवणार असाल तर सांगा, डायल गेज आणि ते डोकं कापलेले दोन बोल्ट माझ्याकडे पडून आहेत, घेऊन येतो.