पणजोबांच्या लॉजची कागदपत्रे

प्रश्न : आमच्या सातारच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या नळकांड्यात पणजोबांचे फ्रीमेसन, म्हणजे त्या नावाच्या जुन्या बंधुसंघटनेचे सभासद, असल्याचे प्रमाणपत्र सापडले. लॉजचे, म्हणजे या संघटनेच्या स्थानिक मंडळाचे, नाव पुसट झाले आहे, पण क्रमांकापुढे ‘एस. सी.’ ही अक्षरे आणि १९०९ हे साल वाचता येते. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते आणि त्यांच्या बदल्या सतत होत असत, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजची (लॉजना सनद देणाऱ्या मध्यवर्ती संस्थेची) जुनी नोंदणीपुस्तके संगणकावर पाहिली, त्यांत नाव नाही. घरात असेही बोलले जाते की त्यांना लॉजमधून काढून टाकले होते. पुढे शोध कसा घ्यावा?
– एक वाचक, शनिवार पेठ, सातारा

उत्तर : आपला शोध चुकला नाही, कपाट चुकले. ‘एस. सी.’ म्हणजे स्कॉटिश कॉन्स्टिट्यूशन, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या सनदेखालील शाखा. आपण पाहिलेली पुस्तके १७५१ ते १९२१ या काळातील असून त्यांत हिंदुस्थानातील लॉजही आहेत, परंतु फक्त इंग्लंडच्या सनदेखाली चालणारी. स्कॉटलंडच्या सनदेखालील सभासदांची नोंद एडिंबरोच्या ग्रँड लॉजकडे होत असे. मुंबई इलाख्यात त्या शाखेचा जोर मोठा होता. हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढले, तेही स्कॉटलंडच्याच सनदेवर. तेव्हा आपण एडिंबरोला प्रमाणपत्राच्या स्वच्छ छायाचित्रासह पत्र लिहावे, आणि लॉजचा क्रमांक कळवताना ‘एस. सी.’ ही अक्षरे विसरू नयेत, कारण तोच क्रमांक इंग्लंडच्या यादीत अगदी वेगळ्या लॉजचा असू शकतो.

नावाच्या बाबतीत मात्र धीर धरावा लागेल. गोऱ्या कारकुनाने विष्णूचे ‘विश्नू’ आणि लक्ष्मणचे ‘लक्समन’ केलेले असते. वडिलांचे नाव आडनावाच्या जागी गेलेले असते, किंवा ‘राव’ हेच आडनाव समजून सारी नोंद त्या अक्षराखाली टाकलेली असते. आडनाव, वडिलांचे नाव आणि स्वतःचे नाव या तिन्ही ठिकाणी शोधावे.

नोंद हाती आली की तिच्यातील तारखा घरातील घटनांशेजारी मांडाव्यात. फ्रीमेसनरीत तीन पदव्या, म्हणजे सभासदत्वाच्या चढत्या पायऱ्या, असतात आणि प्रत्येकीची तारीख लिहिली जाते. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये १९ फेब्रुवारी १८८४ रोजी दाखल झाले. दुसरी पदवी त्यांना १५ एप्रिलला आणि तिसरी २० मे रोजी मिळाली. त्याच फेब्रुवारीत त्यांचे वडील वारले होते, हे शेजारी ठेवून वाचले की त्या कोरड्या तारखांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. आपल्या पणजोबांचे तर बदलीचे जीवन. दोन पदव्यांमध्ये मोठे अंतर पडलेले दिसले किंवा तिसरी पदवी भलत्याच गावच्या लॉजमध्ये घेतलेली आढळली, तर मध्ये बदली झाली असावी असा अंदाज करता येतो. तो अंदाज मुंबईच्या पुराभिलेखागारात इलाख्याच्या छापील नोकरयाद्यांशी ताडून पाहावा.

‘काढून टाकले’ या शब्दाने घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. वर्गणी थकली की सभासदाचे नाव कमी होत असे, आणि नोंदवहीत त्यासाठी येणारा इंग्रजी शब्द ‘हकालपट्टी’सारखा वाचला जातो. बदलीच्या गावी लॉज नसेल, पगार तुटपुंजा असेल, तर वर्गणी थकायला वेळ लागत नाही. मी पाहिलेल्या अशा नोंदींत लांच्छनाचा मागमूस क्वचितच आढळला. मूळ शेरा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुढच्या पिढीला सांगू नये.

लॉजच्या स्वतःच्या वह्या, म्हणजे इतिवृत्ते आणि हजेरीपुस्तके, यांचा माग वेगळा आहे. १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाले तेव्हा येथील अनेक लॉज त्यात आले, काही जुन्या सनदेखालीच राहिले. म्हणून एडिंबरोकडून लॉजचे नाव कळले की ते आज कोणाकडे आहे ते पाहून तेथील सचिवांना विनंतीपत्र द्यावे. लॉज बंद पडले असल्यास त्याच शाखेच्या मुंबईतील कार्यालयात विचारावे.

या वह्यांत आपल्याला सर्वांत जवळचे काही मिळेल ते हजेरीपुस्तकात. प्रमाणपत्राच्या समासात ‘ने व्हेरिएतुर’ हे लॅटिन शब्द आणि पणजोबांची सही आहे का, ते भिंगाने पाहावे. ‘यात बदल होऊ नये’ असा त्याचा अर्थ. परगावच्या लॉजमध्ये पाहुणा आला की दारापाशी त्याने पुस्तकात सही करायची आणि ती समासातील सहीशी ताडून त्याला आत सोडायचे, यासाठी ती सोय होती. समासातील ती सही मोठी करून सोबत ठेवावी. नाव कारकुनाने कसेही लिहिलेले असो, हजेरीपुस्तकात तिचे वळण आपल्याला ओळखता येईल. प्रमाणपत्राची गुंडाळी मात्र जोर लावून उलगडू नये, आणि त्याला प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नये.