जीपचा ट्रेलर घेताय? आधी हे बघा

विलीज जीपमागे दुसऱ्या महायुद्धातला पाव टनी लष्करी ट्रेलर जोडताय, फार छान! रंग आणि स्टेन्सिल (साच्याने रंगवलेली अक्षरं-आकडे) सध्या बाजूला ठेवा.

- हुकात अडकणारी पुढची कडी आतून बोट फिरवून तपासा. एका बाजूला खोलगट लागली तर आधी तीच बदला. जीपला जोडायच्या सुरक्षा साखळ्यांशिवाय ट्रेलर हलवू नका.
- हौदा पाण्यावर तरंगावा म्हणून बंदिस्त बनवलाय. उघड्यावर ठेवताना तळाची बुचं काढा, नाहीतर पाणी साचून पत्रा कुजतो. बहुतेक नवे लोक इथेच फसतात.
- माल २२५ किलोपर्यंतच, आणि सगळा मागे नको. नाहीतर जोडणीची पुढची दांडी उचलली जाते, ट्रेलर डुलतो.

युद्धानंतरचा एम-१०० हा लष्करी ट्रेलर हुबेहूब असाच दिसतो, पण त्याची वायरिंग २४ व्होल्टची. तुमची जीप ६ व्होल्टची, म्हणजे दोन्ही जुळत नाहीत. ब्रेकचं नंतर बोलू.