आजींचा चहा घेऊन ये

बेटा,

प्रभूमध्ये सलाम. तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण मोबाईलवर घाईत दोन ओळी टाकाव्यात असं वाटेना, म्हणून सकाळी निवांत बसून लिहितेय. रविवारी खुर्च्या लावणं, साउंड, मग तरुण संघ, शनिवारी सिव्हिलला पेशंटच्या नातेवाइकांना डबे, आणि सातपूरची ड्युटी वेगळीच, माणूस थकणारच रे. पण तू नुसतं थकलोय असं नाही लिहिलंस, एक शनिवार चुकला तर प्रार्थनेला बसायची लाज वाटते असं लिहिलंस, आणि मला काळजी वाटली ती त्या वाक्याची.

सेवा म्हणजे देवाच्या कर्जाचे हप्ते नाहीत. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा २रा अध्याय काढ, तारण कृपेनं आहे, कर्मांनी नाही, असं पौल आधी सांगतो आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की आपल्याला निर्माण केलंय ते सत्कृत्यांसाठी. हा क्रम उलटा झाला की आपली मार्था होते, येशू घरी आला तेव्हा कामात गुंतलेली, हातात काम आणि मनात त्याच्या पायाशी बसून ऐकणाऱ्या बहिणीवर, मरीयेवर, राग.

आता योहान १३. येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग आपण नेहमी सेवेचा धडा म्हणून सांगतो, मीही संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षं तसाच शिकवला, पण त्या शिष्यांमधल्या पेत्राकडे बघ ना, त्याची अडचण दुसऱ्याचे पाय धुण्याची नव्हतीच, स्वतःचे पाय पुढे करायची होती. आणि येशू त्याला स्पष्ट सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. घेता येणं हे आधी.

मला हे कळलं एका आजींमुळे. मी पंचविशीत होते, दर आठवड्याला त्यांना औषधं पोचवायचे, त्या दर वेळी म्हणायच्या बस, चहा टाकते, आणि मी दारातूनच नको नको आजी, घाईत आहे. त्यांच्याकडे दूध असेल नसेल म्हणून नको म्हणते असं मी स्वतःला सांगायचे. सहा-सात महिन्यांनी एक दिवस त्यांनी पिशवी घेतलीच नाही. म्हणाल्या, तुझं मी घ्यायचं आणि माझ्या हातचं तुला चालत नाही, मग मी काय भिकारीण आहे का गं? मी सायकल हातात धरून उभीच राहिले. मला कायम देणारीच राहायचं होतं, हे तेव्हा कळलं.

कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या नाही, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. योहान ४ मध्ये येशू शोमरोनी बाईला आधी काय म्हणतो? मला प्यायला दे. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नव्हते तिच्याकडे तो मागतो, तिला द्यायचं जिवंत पाणी त्याच्याकडे असूनसुद्धा. आणि येशूनं बरं केल्यावर पेत्राच्या सासूचा ताप उतरला तशी ती उठून सगळ्यांचं करायला लागली, तिला कुणी आज आराम कर म्हणाल्याचं मार्कानं लिहिलेलं नाही.

शरणपूर रोडवरून तू रोज जातोस. १८५४ साली विल्यम प्राइस या मिशनऱ्यानं आपल्या नाशिकला शरणपूर वसवलं, गुलामांच्या जहाजांवरून सुटलेली आफ्रिकन मुलं इथे वाढली, शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती त्यानं, आणि सोबत्यांबरोबर ते शरीर दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त चालत किनाऱ्यापर्यंत आणलं. नाशिकमध्ये ज्याला आसरा मिळाला त्याच्याच खांद्यावर मिशनरी शेवटचा प्रवास करून गेला! मला याचं फार अप्रूप वाटतं.

तर सेवा सोडू नकोस. साउंड महिनाभर दुसऱ्या कुणाला तरी शिकव, तू त्या रविवारी बाकावर बसून नुसतं गा. डबे वाटताना एखाद्या मावशीला वाढायला बोलव, त्यांना दिवसभर वॉर्डबाहेर बसून तेवढंच बरं वाटेल. आणि पंचवटीतल्या ज्या आजींना तू चर्चला आणतोस, त्या थांब म्हणतात ना दर वेळी, या रविवारी बाईक स्टँडवर लाव, आत जाऊन बस, चहा पी, आणि अजून अर्धा कप माग.

तुझी,
मावशी