पाइप ऑर्गन नुसता गलका वाटतो, तो ऐकायचा कसा?

तुम्ही विचारलंय की मोठ्या चर्चमधला पाइप ऑर्गन मोबाइलवर ऐकला तर सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका वाटतो, मग लोकांना त्यात एवढं काय आवडतं?

मी भुसावळचा. नाट्यसंगीत ऐकत वाढलो, त्यामुळे ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारत साथीला वाजवायचा, एवढंच ठाऊक होतं. मुलगी जर्मनीत असल्यामुळे कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये हा दुसरा, नळ्यांत हवा सोडून वाजणारा ऑर्गन ऐकायला मिळाला, आणि तेव्हापासून त्याचं वेडच लागलंय.

आधी मोबाइलचा स्पीकर बाजूला ठेवा. या ऑर्गनचे खालचे सूर पायांखालच्या पट्ट्या दाबून वाजवतात. १६ फुटी नळीचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला ३२च्या आसपास कंपनांचा असतो, ३२ फुटी नळी असेल तर १६च्या. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून हे सूर निघतच नाहीत. पायाच गायब झाल्यावर उरलेला गलकाच वाटणार. १६ कंपनांचा सूर तर कानाला धड ऐकूही येत नाही, बाकावर बसलेल्या माणसाच्या पाठीला आणि तळपायांना कळतो. चांगले हेडफोन लावलेत तरी तेवढी एक गोष्ट घरी मिळणार नाही.

खरी गंमत वास्तूची आहे. कोलोनचं छत आतून ४३ मीटर उंच, आणि आवाज विरायला सुमारे १३ सेकंद लागतात. तिथला एक ऑर्गन १९९८ साली बसवलेला आहे, तो चक्क छतातून पोलादी सळयांनी अधांतरी टांगलाय. ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच येतो आणि दाबून धरली तोवर तसाच राहतो. मग वादकाच्या हातात काय उरतं? नळ्यांच्या कुठल्या रांगा उघडायच्या, आणि दोन सुरांत किती जागा सोडायची. अशा वास्तूत जाणता वादक लय आवरती ठेवतो, सूर मुद्दाम तोडून वाजवतो, आणि मधली जागा वास्तू भरून काढते. त्या जागा ऐकायला लागा. जर्मन संगीतकार बाखची म्हणून प्रसिद्ध असलेली डी मायनर टोकाटा ही ऑर्गनची रचना आहे, तिची सुरुवात लावा: एक छोटी तान, मग विराम, तीच तान खालच्या सप्तकात, पुन्हा विराम, मग आणखी खाली. त्या विरामांत काय होतं तिकडे कान द्या.

याचा अंदाज आपल्याकडेही घेता येतो. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. तिथल्या २६ नंबरच्या चैत्यगृहात लांब दालन आहे, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर कमानदार छत, टोकाला स्तूप. गर्दी नसेल तेव्हा गाइडला बुद्धवंदनेची एखादी ओळ म्हणायला सांगा आणि त्यानं श्वास घेतला की काय ऐकू येतं ते बघा. कॅथेड्रलएवढा घुमारा नाही, पण कानाला सवय होते.

यानंतर बाखचीच सी मायनर पासाकालिया ही रचना ऐका. सुरुवातीला आठ बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट) धून एकटी, फक्त पायांनी वाजते. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात, तशी ती पुढं फिरत राहते आणि तिच्यावर वीस वेगवेगळे विस्तार होतात. धून गुणगुणता येईपर्यंत पुढं जाऊच नका. मध्ये ती पायांतून निघून वर हातांत जाते, तिथं धागा सुटतो. सुटला तर मागं जाऊन परत ऐका. हे जमलं की तुम्ही म्हणताय तो गलका राहत नाही, प्रत्येक ओळ वेगळी चालताना कळते.

आणि एकदा तरी प्रत्यक्ष ऐकाच. मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे, आपल्याकडून रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता येतं. कधी वाजणार ते आधी विचारून घ्या. ऑर्गनच्या अगदी खाली बसू नका आणि पार लांबच्या टोकालाही नको, मधल्या बाकांवर जागा धरा.