फोन लागत नाही तोवर (आणि साबुदाणा वड्यांबद्दल)

ताई, तुमचे आईबाबा चिपळूणला पेठमापात, तुम्ही बंगळुरात. काल, २२ जुलै २०२१ला सकाळी आई फोनवर म्हणाली, "पाणी पायरीला लागलंय", आणि तेव्हापासून फोन बंद. काय करावं, हा एक प्रश्न. आणि मंगळवारी एकादशीला तेलात फुटलेल्या साबुदाणा वड्यांवर जे लिहिलंत, ते आता काढून टाकावं का, हा दुसरा. मी चिपळूणचाच, हल्ली डोंबिवलीत. माझी मावशीही बाजारपेठेत आहे आणि तिचाही फोन कालपासून लागत नाहीये.

आधी फोनचं. पाणी चढायला लागलं की वीज मुद्दाम बंद करतात, नाहीतर पाण्यात करंट उतरून माणसं जातील. मग मोबाइलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात. जनरेटर खाली असला तर तोही बुडतो. घरातल्या फोनांचं चार्जिंग रात्रीत संपतं. त्यामुळे अख्खं गाव एकदम गप्प होतं, सुखरूप असलेलंही आणि अडकलेलंही. सगळे ठीक आहेत असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पण फोन लागत नाही यावरून वाईट काही झालंय असा अर्थ काढू नका.

चिपळूणची वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीला मिळते. भरती आली की खाडीचंच पाणी वर चढतं आणि नदीला उतरायला वाव राहत नाही. त्यात आज पौर्णिमा लागली, म्हणजे उधाण. ओहोटीला पाणी हलतं, माणसं माळ्यावरून खाली येतात, कुणीतरी डोंगराच्या अंगाला जाऊन रेंज शोधतो आणि मग आठ-दहा घरांचे निरोप एकाच फोनवरून येतात. म्हणून अनोळखी नंबर आला तरी उचला.

सारखे फोन लावू नका, त्यांची उरलीसुरली बॅटरी जाते. एसएमएस टाकून ठेवा, रेंज क्षणभर आली तरी तो पोचतो. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. बाहेरून लावताना आधी रत्नागिरीचा ०२३५२ हा कोड लावा. लाइन व्यग्र असेल, चिकाटी ठेवा. लागला की घराची खूण, मजले किती, माणसं किती, वयं आणि रोजची औषधं, एवढंच सांगा. सगळ्या नातेवाइकांनी लावण्यापेक्षा एकानेच लावावा. आणि कृपा करून गाडी काढून निघू नका. कामथे आणि चिपळूणच्या मधल्या रेल्वे पुलापाशी पाणी चढल्याने कोकण रेल्वे थांबली आहे, महामार्गही बंद आहे. वाटेत अडकलात तर तुमचीच काळजी त्यांना लागेल. ग्रुपवर येणारे व्हिडिओ बघूच नका. त्यात जुन्या पुरांचेही मिसळलेले असतात.

फोन आला तर बॅटरी दोन मिनिटांची असेल असं धरून बोला. कुठे आहात, प्यायचं पाणी आहे का, बीपीच्या गोळ्या आहेत का, हे आधी विचारा. रडणं नंतर. आणि पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याआधी घराचे फोटो काढून ठेवायला सांगा, पंचनाम्याला लागतात.

आता वडे. काढू नका ते लिखाण, मनापासून सांगतो.

२००५ साली २६ जुलैला इकडे सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच वेळी चिपळूणही बुडालं होतं. आजी तिथे एकटी होती. आमच्या डोंबिवलीच्या घरात आई आणि शेजारच्या काकू मोड आलेले वाल सोलत बसायच्या आणि बिरड्यात गूळ आधी घालायचा की आमसूल, यावर वाद घालायच्या. मी तेव्हा चिडलो होतो. आज कळतं, की हाताला काम आणि तोंडाला विषय होता म्हणून आई त्या दिवसांत जेवली, झोपली आणि निरोप आला तेव्हा उभी होती. निरोप आणला एका ट्रकवाल्याने. आजीने सांगून पाठवलं होतं, "मी बरी आहे, लोणच्याची बरणी वर नेली, पण जातं राहिलं खाली." जातं कुठे वाहून जाणार होतं! आई हसली आणि मगच रडली.

पुरातल्या घरांतून येणारे पहिले निरोप असेच असतात. मोठ्या संकटाबद्दल बोलायला माणसांना शब्द सापडत नाहीत, बरणीबद्दल सापडतात. तुमची आईही बहुधा आधी चपलांबद्दल किंवा गादीबद्दल बोलेल. ती ते तुम्हाला सांगेल, कारण असल्या गोष्टी ऐकायला आवडणारी तिची लेक तुम्हीच आहात. त्या वड्यांच्या लिखाणात दोन वेळा आईचा उल्लेख आहे, "आई म्हणते साबुदाणा कमी भिजवलास" वगैरे. काळजी आणि गंमत तुमच्या मनात शेजारी शेजारीच राहतात, एकीला हाकलून दुसरी खरी ठरत नाही. आज रात्री झोप येणार नसेल तर लिहा अजून काहीतरी, बाल्कनीतल्या मोगऱ्यावर लिहा. मी जागा आहे, वाचेन.

माझा मामेभाऊ गुहागरला आहे. रस्ता मोकळा झाला की पाण्याचे कॅन घेऊन चिपळुणात शिरणार आहे. आईबाबांची नावं, घराची खूण आणि शेजाऱ्यांचं आडनाव मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, इथे उघड्यावर लिहू नका. मावशीच्या घराकडे जाताना तो पेठमापातही डोकावेल.