बारा वर्षांचा मुलगा स्पर्धेत हरला की खेळच सोडायचं म्हणतो. त्याला पुन्हा खेळायला तयार कसं करावं?

आधी त्याला विचारा, सरावाला जायला आवडतं का? उत्तर ‘हो’ असेल तर प्रश्न खेळाचा नाही, निकालाच्या ओझ्याचा आहे, आणि ते ओझं बऱ्याचदा घरूनच येतं. सामना संपल्यावर घरी येताना चुकांची उजळणी अजिबात नको. खायला द्या, दुसऱ्या विषयावर बोला. चुका दाखवणं प्रशिक्षकांवर सोडा.

नॉर्वेत ११ वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत क्रमवारी लावत नाहीत आणि १३ वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपदही नसतं. तरी २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १६ सुवर्णपदकं त्यांचीच! आपल्याकडे मात्र दहाव्या वर्षीच ‘राज्य पातळी कधी?’ सुरू होतं, याचं फार वाईट वाटतं.

कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९मध्ये क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य सरकारच्या क्रीडा प्रशिक्षण योजनेत, दाखल झाला आणि तिथून नेमबाजीकडे वळला. ऑलिंपिक कांस्य मिळालं २०२४मध्ये, पॅरिसला. एवढी वर्षं टिकायला खेळ मनापासून आवडावा लागतो.

मुलाला आठवड्यातून एक दिवस मित्रांबरोबर गुण न मोजता खेळू द्या. आणि सरावाला जायला आवडतं का, याचं उत्तर ‘नाही’ आलं तर? दुसरा खेळ करून पाहू द्या. त्याला पळपुटेपणा म्हणू नका.