मेमरी कार्ड परत द्या

प्रश्न : मी नाशिकला टुरिस्ट गाडी चालवतो. मुलाला सीईटीत ९४ पर्सेंटाइल आहेत. सरकारी कॉलेजात ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मिळतेय, पण मला त्याला एआयमध्ये घालायचंय, म्हणजे कॉम्प्युटरच हवं. त्यासाठी मी त्याला ड्रॉप घे, वर्षभर थांबून सीईटी पुन्हा दे म्हणतोय. बारावीचं वर्ष त्याने माझ्या डॅशकॅमच्या (गाडीच्या काचेवरच्या कॅमेऱ्याच्या) व्हिडिओवरून सिग्नल तोडणाऱ्या गाड्या आपोआप शोधणाऱ्या प्रोग्रामपायी घालवलं. पाडव्याला पाहुण्यांसमोर टीव्हीवर माझ्याच गाडीच्या दोन चुका दाखवल्या. मी म्हणतो पिवळा होता. हाच प्रोग्राम मेडिकलच्या हिरव्या पाटीला सिग्नल समजतो! त्याच रात्री मेमरी कार्ड काढून कपाटात ठेवलं. मित्र म्हणतात, पोलिसांना विकला तर पैसे मिळतील. ड्रॉपसाठी कोणता क्लास चांगला?
– एक पालक

नमस्कार.

क्लासचं नाव सांगणार नाही, कारण मुलाने ड्रॉप घ्यावा असं मला वाटत नाही. ९४ पर्सेंटाइलची मला काळजी नाही, काळजी आहे ती त्या कपाटाची.

तारखा बघा जरा. कार्ड पाडव्याला काढलंत. सीईटी त्यानंतर, निकाल त्याच्याही नंतर. म्हणजे मार्क गेले म्हणून कार्ड गेलं, असं झालेलंच नाही. चारचौघांत मुलाने चूक दाखवली ती लागली, आणि आता तो राग तुम्ही मार्कांच्या खात्यावर टाकताय. लागणं साहजिक आहे. गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाला पाहुण्यांपुढे ‘बाबा, इथे तुम्ही रेड तोडलात’ ऐकून घेणं सोपं नाही. त्यानेही आधी एकट्याला दाखवायला हवं होतं, अक्कल तेवढी कमी पडली. पण त्याची शिक्षा एक वर्षाची? ड्रॉपच्या वर्षात त्याच खोलीत तीच पुस्तकं तिसऱ्यांदा वाचायची आणि रोज तुम्ही दाराशी उभे. अशी मुलं माझ्याकडे येतात. त्यांचे पर्सेंटाइल कधी वाढलेले असतात, कधी नसतात, पण बापाशी बोलणं बहुतेकांचं बंद झालेलं असतं.

आता तो गैरसमज, जो नाशिकपासून नांदेडपर्यंत सगळ्या घरांत आहे : एआय म्हणजे कॉम्प्युटर ब्रँच, बाकीच्यांना दार बंद. तुमच्या मुलाचाच प्रोग्राम घ्या. चौकातला एलईडी दिवा डोळ्यांना अखंड पेटलेला दिसतो, पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळ-मंद होत असतात. भर उन्हात कॅमेऱ्याचं शटर क्षणभरच उघडतं आणि नेमकं मंद क्षणी उघडलं, तर त्या फ्रेममध्ये लाल दिवा विझलेला दिसतो. प्रोग्राम म्हणणार, सिग्नल बंद आहे. हे कोडिंगचं दुखणं नाही, सर्किट आणि सेन्सरचं आहे, म्हणजे ईएनटीसीचं. पुढे नंबरप्लेट : ४१४१ अशी वळवलेली की माणसाने ‘दादा’ वाचावं. ती मशीनने कशी वाचायची? लाल दिवा सरळ जाणाऱ्याला आहे आणि डावीकडचा फ्री लेफ्टने निघालाय, मग त्याला गुन्हेगार धरायचं का? सिग्नल लाल असताना हवालदाराने हाताने गाड्या सोडल्या तर? आणि ती मेडिकलची पाटी. त्यावर हसू नका. परदेशी रस्त्यांच्या फोटोंवर शिकलेला प्रोग्राम आपल्या चौकात असाच गडबडतो, म्हणून तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हैदराबाद-बंगळुरूच्या रस्त्यांचे १०,००० फोटो घेऊन त्यांतल्या रिक्षासुद्धा वेगळ्या खुणावून ठेवल्या. बारावीतलं पोर त्याच अडचणीला स्वतःहून जाऊन धडकलं. मला तर यात चांगलंच लक्षण दिसतं.

नागपुरात २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसवर कॅमेरे लावून चालकाला धडकेआधी इशारा द्यायचा आणि धोक्याच्या जागा शोधायच्या, असं काम झालं. अशा कामांत कॅमेरा जाणणारा, कोड लिहिणारा आणि रस्ता ओळखणारा, तिघेही लागतात.

पोलिसांना विकण्याचं डोक्यातून काढा. मोटार वाहन नियमांत २०२१मध्ये आलेल्या १६७-अ मध्ये चलनासाठीच्या उपकरणांत डॅशबोर्ड कॅमेऱ्याचं नाव आहे खरं, पण त्या उपकरणाला राज्याने नेमलेल्या यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं. घरच्या लॅपटॉपवरून कुणाला चलन जात नाही, आणि मेडिकलची पाटी आठवली की ते बरंच आहे असं वाटतं.

बाकी मार्ग तुम्हाला माहीत असतीलच : कॅपमध्ये (सरकारी प्रवेशफेरीत) ईएनटीसी घ्या, कॉलेजात सोय असेल तर एआयचा मायनर, म्हणजे जोडविषय, आणि पुढे हवं तर गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा. २०२४पासून गेटमध्ये डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, तो ईएनटीसीवाल्यालाही देता येतो.

आता तुमच्या त्या दोन चुकांबद्दल. कदाचित तुमचं खरं असेल. डॅशकॅम काचेवर असतो. त्याच्या नजरेतून थांबायची पांढरी रेष बॉनेटखाली जाते, तेव्हा बंपर अजून रेषेच्या मागेच असतो, आणि सिग्नल रेषेजवळच असेल, तर नेमक्या त्याच सुमाराला तोही फ्रेमच्या वरून निघून जातो. म्हणजे रेष प्रत्यक्ष ओलांडली तो क्षण कॅमेऱ्याने पाहिलेलाच नसतो, तो वेगावरून मोजून काढावा लागतो. रेष दिसेनाशी झाल्यावर बंपरला तिच्यापर्यंत जायचं अंतर मुलाने जास्त धरलं असेल, तर त्याने काढलेला क्षण उशिराचा आहे, त्याचा हिशेब चुकलाय आणि तुमचा पिवळा खरा. उलटंही होऊ शकतं. रेष दिसेनाशी झाली तेव्हा पिवळा असेल, पण पुढच्या त्या फुटांत लाल झाला असेल. मग तुम्ही सापडलात.

याचा निकाल मी इथे बसून देऊ शकत नाही. त्यासाठी त्याला एक आकडा लागेल : रेष बॉनेटखाली दिसेनाशी होते, तेव्हा बंपर तिच्यापासून किती फूट मागे असतो. शिर्डीचं भाडं नसेल त्या दिवशी गाडी मोकळ्या मैदानात घ्या. चुन्याची रेष मारा, त्याला कॅमेऱ्यात बघायला बसवा आणि टेप तुम्ही धरा. जाताना कपाटातलं कार्ड घेऊन जा.